आजाऱ्यापाशी खरे बोलावे काय?



परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. नायगाव, डिलाईल रोडच्या चाळींतील आपल्या कितीतरी घरांनी त्याची पायरी चढली आहे. डॉक्टर थोरल्या मुलाला बाजूस घेऊन सांगतात. मुलगा जिन्यात डोळे पुसतो आणि बापाला म्हणतो, "आबा, साधी गाठ आहे." मग गॅलरीत कुजबूज सुरू होते. आबांना सारे उमगलेले असते. पण मुलांसाठी तेही अजाणतेपणाचे सोंग घेतात. खोलीची भाडेपावती कोणाच्या नावे करावी, फंडाच्या कागदावर कोणाचे नाव आहे, धाकटीचे लग्न कोण पाहणार, हे सारे मनातच राहते.

असत्य न बोलण्याचे शील आपण घेतले आहे. "पण हे मायेचे खोटे," असे कोणी म्हणेल. अभय राजकुमाराला तथागतांनी सांगितले होते, की जे सत्य आहे आणि हिताचे आहे ते अप्रिय असले तरी ते बोलतात, मात्र योग्य वेळ पाहून. तेव्हा सत्य एखाद्याच्या अंगावर फेकणे हेही शीलपालन नव्हे.

यासाठी नकुलमातेची कथा घरोघर वाचली पाहिजे. भग्ग देशातील तिचा पती नकुलपिता अत्यवस्थ झाला. "तुम्हाला काही होणार नाही," असे ती म्हणाली नाही. चिंता उराशी धरून मरू नका, असे तिने त्याला सांगितले. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी मुलांना पोशीन, घर चालवीन. तुमच्यामागे शील सोडणार नाही, भगवंतांच्या व संघाच्या दर्शनाला अंतरणार नाही. एकेक काळजी तिने नाव घेऊन उतरविली. (गिरणगावातील किती माउल्यांनी हेच करून दाखविले!) पुढे नकुलपिता बरा झाला, काठी टेकीत भगवंतांकडे गेला, आणि भगवंतांनी अशी पत्नी लाभल्याबद्दल त्याला भाग्यवान म्हटले. प्रत्येक आजारी बरा होईल, असे मात्र या कथेने वचन दिलेले नाही.

मग सुरुवात कशी करावी? आधी विचारावे, "अहो, तुम्हाला या दुखण्याचे काय वाटते? डॉक्टर काय म्हणाले ते सांगू का?" नको म्हणाले तर थांबावे, हात धरून बसावे, चार दिवसांनी पुन्हा विचारावे. जेवढे विचारतील तेवढे सांगावे. "आता काही करता येत नाही," हे मात्र कधीही म्हणू नये, कारण ते खरेही नाही. आजार हटला नाही तरी वेदना कमी करता येतात. त्याचे वैद्यक वेगळेच आहे. वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ साली याच कामासाठी उभे राहिले.

सत्य लपविलेल्या घरात अंगारा, गंडा आणि नवस फार लवकर शिरतात. सांगितलेले नसते, म्हणून नातलगांना अडविताही येत नाही.

आणखी एक. आपण बौद्धाचार्यांना बहुधा मृत्यूनंतर बोलावतो. अनाथपिंडिक मरणशय्येवर होता तेव्हा सारिपुत्त आणि आनंद त्याच्या घरी गेले. उपदेश ऐकून त्याला रडू आले, आणि असा उपदेश गृहस्थांनाही मिळावा, अशी विनंती त्याने केली. आजाऱ्याला विचारून, त्याला हात जोडता येत आहेत तोवरच घरी वंदना ठेवावी. लहान मुलांनाही त्याच्या उशाशी बसू द्यावे.