अठरा पूर्ण झाले, पुढे काय?

प्रश्न : बालगृहातला एक मुलगा सुट्ट्यांत आमच्याकडे येतो. लवकरच तो अठरा वर्षांचा होईल. त्याची तयारी कशी करून घ्यावी?
– एक गृहिणी, सीताबर्डी

उत्तर : ताई, आधी कागदपत्रं. तो अनाथ असेल तर महिला व बालविकास कार्यालयात अनाथ प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला लावा. शिक्षण-नोकरीतलं एक टक्का आरक्षण त्यावरच मिळतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरच्या आधाराची, सोय आहे. बालगृहाच्या अधीक्षकांशी आताच बोला.

बँकेत मात्र त्यालाच पाठवा. स्लिप चुकली तर दुसरी भरेल. बर्डीतून आठवड्याचा भाजी-किराणा त्यालाच आणू द्या, हिशेब वहीत लिहू द्या. वझ्झरच्या आश्रमात वाढलेल्या दृष्टिहीन माला पापळकर २०२४ मध्ये एमपीएससी उत्तीर्ण झाल्या, हे त्याला आवर्जून सांगा. आणि अठरानंतरही दिवाळीला त्याला घरी बोलवा.