बिबट्या नाही दिसला तरी चालेल

अगं, श्रीलंकेची टूर बुक केलीस हे ऐकून फार बरं वाटलं. यांना रजा नाही, मुलाची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे... ही यादी काही संपणारी नव्हती. बायकांच्या ग्रुपबरोबर निघालीस तेच उत्तम. आता टूरवाले छापत नाहीत ते माझ्याकडून ऐक.

फेब्रुवारी निवडलास ते छान केलंस. तिथलं 'याला' राष्ट्रीय उद्यान तेव्हा कोरडं व्हायला लागतं, जनावरं पाणवठ्यावर येतात आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साचा समुद्रही शांत असतो. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना त्या किनाऱ्यावर पाऊस गाठतो. सप्टेंबरात तर उद्यानाचा मुख्य भाग बहुतेक वेळा बंदच ठेवतात.

सफारीला पहाटे चारला उठवतील. कुरकुर करू नकोस, फाटक सहाला उघडतं आणि तिथे जीपची रांग लागते. जीप उंच आणि उघडी, रस्ता खड्ड्यांचा, धूळ तांबडी. तेव्हा स्पोर्ट्स ब्रा घाल, लाजू नकोस, हे तुला टूर मॅनेजर सांगणार नाही! नाकातोंडावर बांधायला सुती ओढणी घे. पाठ दुखत असेल तर मागच्या सीटवर अजिबात बसू नकोस, सगळे धक्के तिथेच बसतात. बाथरूमला हॉटेलवरूनच जाऊन ये; पण आत सोय नसेल म्हणून पाणी पिणं सोडू नकोस, ऊन चढल्यावर डोकं धरतं.

आता मुख्य गोष्ट. यालाच्या जंगलात बिबटे पुष्कळ, आणि श्रीलंकेत वाघ नसल्यामुळे राजा तोच. त्यामुळे सगळ्यांना तोच हवा असतो. (आपल्याकडे जुन्नरच्या उसात दिसला की दारं लावून घेतो, आणि तिथे पैसे मोजून शोधत हिंडतो!) एखाद्या ड्रायव्हरला तो दिसला की इतरांना खबर जाते. मग वीस-पंचवीस जीपा एकाच वळणावर, धुरळा, हॉर्न, आणि झाडाच्या फांदीवरून लोंबणारं शेपटीचं टोक. तेवढंच दिसतं. ते पाहायला जाताना वाटेतलं सगळं मागे पडतं: पाण्यात पाय रोवून उभे असलेले रंगीत करकोचे, चिखलात नाकापर्यंत बुडालेल्या रानम्हशी, काठावर तोंड वासून पडलेली मगर. हत्ती तर तुझ्या जीपपासून दहा पावलांवरून जाईल. तिथल्या फार थोड्या नरांना सुळे असतात, म्हणून सुळे नाहीत म्हणजे हत्तीणच, असं समजू नकोस.

ड्रायव्हरला सुरुवातीलाच सांग, आम्हाला घाई नाही, पाणवठ्यावर अर्धा तास थांबलास तरी चालेल. मनातून त्यालाही बरं वाटतं. जीपमध्ये अंताक्षरी सुरू झाली तर मात्र मोठ्या बहिणीचा आवाज काढ आणि बंद कर.

आणि वाटेत उडवलवे राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणापाशी हत्ती उभे दिसतील, शेजारी केळी विकणारे. गाडी थांबवून केळी देण्याचा आग्रह होईलच. तू देऊ नकोस. हत्ती त्या चटकेनेच रस्त्यावर येऊन उभे राहतात, आणि मग त्यांचंही खरं नाही आणि माणसांचंही.

किनाऱ्याचं सांगते. यालाच्या आतच पाटनंगला नावाचा किनारा आहे, सफारीत तिथे जीपमधून उतरू देतात. मोठा खडक, मऊ वाळू, आणि एका बंगल्याचा उरलेला चौथरा. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तिथली माणसं गेली, त्यांचं स्मारक आहे. सेल्फी काढ, पण स्मारकावर चढून नको. पाण्यातही शिरू नकोस. दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही, लाट कुठल्या कुठे ओढून नेते.

मिरिस्साला मात्र संध्याकाळी चप्पल हातात घेऊन ओल्या वाळूवरून खुशाल चाल. ग्रुप शॉपिंगला गेला तरी तू चाल. मॅनेजरला सांगून जा, फोन घे, अंधार पडायच्या आत परत ये, एवढंच. कोणी कासवाची पिल्लं हातात घेऊन फोटो काढायला बोलावलं तर नाही म्हण. कोकणात वेळासला आपण पिल्लांपासून लांब उभं राहून त्यांना समुद्राकडे जाताना बघतो, तसंच तिथेही बघता आलं तर बघ. खांद्यावरून घ्यायला एक ओढणी बॅगेत असू दे, बुद्धमंदिरात लागते. आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नकोस, तिथे तो अपमान समजतात.

आणि हो, जीपमध्ये कोणी कुठे बसायचं ते आदल्या रात्रीच्या जेवणातच ठरवून टाक. पहाटे चारला कुणी कुणाचं ऐकत नाही.