घरच्या संगणकाचा प्रोसेसर बदलल्यानंतर उद्भवणारे दोष व त्यांचे निदान

उद्देश.— नवा प्रोसेसर बसविल्यावर संगणक सुरू न झाल्यास दोषाचे कारण क्रमाने शोधता यावे.

प्रास्ताविक.— आपल्यापैकी पुष्कळ शिक्षक निकालपत्रके व शाळेची अन्य माहिती घरच्या संगणकावर तयार करतात. विंडोज १० ला मिळणारा नित्याचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ अनेक जुने प्रोसेसर स्वीकारीत नाही. सबब संपूर्ण संगणक न बदलता प्रोसेसर तेवढा बदलावा, असे अनेकांस वाटणे स्वाभाविक आहे. हे काम अवघड नाही. पण दोष आल्यास घाईने निर्णय केल्यास पैसा व श्रम दोन्ही वाया जातात.

स्वानुभव.— माझ्या संगणकात बी४५० जातीच्या मदरबोर्डवर रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर होता. तो काढून मी रायझन ५ ५६०० बसविला. कळ दाबताच पंखा फिरू लागला. परंतु पडदा काळाच राहिला. एका दुकानदाराने पेटी न उघडताच “प्रोसेसर जळाला, दुसरा घ्या” असे सांगितले. मीही ते जवळजवळ मान्य केले होते. वर्षभराची पत्रके त्याच संगणकात होती व त्यांची दुसरी प्रत मी ठेवलेली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

अशा वेळी अध्यापनाचे जुने सूत्र उपयोगी पडले : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. जुना प्रोसेसर पुन्हा बसविला, तो चित्र आले. यावरून मदरबोर्ड, रॅम, वीजपुरवठा व साठवलेली माहिती शाबूत असल्याचे सिद्ध झाले. प्रथम पत्रकांची प्रत काढली. नंतर मदरबोर्डच्या निर्मात्याची यादी पाहिली. नवा प्रोसेसर ओळखण्यास बायॉसची जी आवृत्ती लागते, तिच्याहून माझी आवृत्ती जुनी होती. जुना प्रोसेसर जागेवर ठेवूनच बायॉस अद्ययावत केले. हे काम चालू असता वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून इन्व्हर्टरची सोय आधी केली.

नवा प्रोसेसर पुन्हा बसविला, तरी पडदा काळाच! तेव्हा प्रश्न असा केला की, पूर्वी चित्र येत होते ते कोठून? २२००जी या प्रोसेसरमध्ये चित्र निर्माण करणारा भाग अंतर्भूत आहे. ५६०० मध्ये तो नाही. पुतण्याकडून ग्राफिक्स कार्ड आणून पडद्याची वायर त्यास जोडली आणि संगणक सुरू झाला. दोष दोन होते, आणि प्रोसेसर निर्दोष होता. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यांनाही असे कार्ड लागते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी.—

(१) सॉकेट जुळले म्हणजे प्रोसेसर चालेलच असे नाही. इंटेलचे २०१७ साली आलेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ११५१ संपर्कबिंदूंच्या सॉकेटचेच होते. तथापि त्याच सॉकेटच्या १०० व २०० मालिकेतील मदरबोर्डवर ते चालत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वीच निर्मात्याची यादी पाहावी.

(२) बिटलॉकर चालू असल्यास बायॉस वा प्रोसेसर बदलण्यापूर्वी त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून घ्यावी व बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. संगणकाने किल्ली मागितली आणि ती जवळ नसली, तर माहिती असूनही हाती लागत नाही.

(३) पेटी उघडण्यापूर्वी वायर भिंतीतून काढावी. रायझनच्या या जातीत पिना प्रोसेसरलाच असतात. कूलर सरळ वर ओढल्यास चिकटलेला प्रोसेसर त्यासोबत निघून पिना वाकतात. म्हणून संगणक थोडा वेळ चालवून, मग बंद करून, कूलर हलकेच फिरवीत सोडवावा.

(४) पंखे फिरतात पण पुढे काहीच होत नाही, अशा वेळी प्रोसेसरजवळची चार वा आठ पिनांची वीजजोडणी पाहावी. ती विसरणे ही नेहमीची चूक आहे.

(५) संगणक काही मिनिटांनी मंदावत वा बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. थर्मल पेस्ट लावली का, कूलरखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढला का, पंखा योग्य ठिकाणी जोडला का, हे तपासावे. ठरलेल्या मर्यादेपाशी, म्हणजे सामान्यतः ९० ते १०० अंश सेल्सिअसला, प्रोसेसर आपली गती आपणच कमी करतो.

समारोप.— वाचता न येणाऱ्या मुलास आपण एकदम मंदबुद्धी म्हणत नाही. त्याची दृष्टी, बसण्याची जागा, फळ्यावरचा उजेड पाहतो. यंत्रालाही हाच न्याय लावावा. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम वहीत लिहावा, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

स्वाध्याय.— (अ) आपल्या मदरबोर्डचे नाव व बायॉसची आवृत्ती वहीत नोंदवा. (आ) जुना प्रोसेसर पुन्हा बसविल्याने कोणकोणते संशय दूर होतात? (इ) शाळेच्या पत्रकांची दुसरी प्रत आज कोठे आहे?