पाहुणे मुंबईचे, वाट आपली

बाळा, मित्रमंडळी घेऊन येतोयस म्हणे, आणि पुन्हा त्यांना तेच दाखवणार, रायगडच्या रोपवेची रांग नि महाबळेश्वरचं कणीस! मुंबई-पुण्याच्या प्रत्येक नामांकित जागेचा जोडीदार आपल्या महाड-पोलादपुरात सापडतो. चहा होईपर्यंत ऐक.

१. लेणी बघायची तर घारापुरीच्या लाँचची वाट कशाला, गांधारपाल्याला ने — हायवेला लागूनच आहेत, आणि ओसरीत टेकलं की सावित्रीचं अख्खं खोरं समोर. घारापुरीसारख्या भव्य मूर्ती नाहीत, हे मात्र आधीच सांगून ठेव.

२. चढण्याआधी खायला घाल — उपाशी पाहुण्याला लेणं म्हणजे डोंगराचं भोक.

३. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन आलेल्यांना पोलादपूरजवळच्या उमरठला ने — १६७० साली तो गड घेताना पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांची समाधी इथं आहे, आणि सिंहगडावरच्या गर्दीला तिचा पत्ताही नसतो.

४. रायगड चुकवू नकोस, पण आधी पाचाडला थांब — राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, जिजाऊ तिथंच गेल्या. रोपवे गाठायच्या घाईत बरेच जण त्यांच्या समाधीवरून तसेच पुढं जातात.

५. चवदार तळ्यावर संध्याकाळी चालत जा आणि पाहुण्यांना पाटी वाचायला लावू नकोस, तूच सांग. नगरपालिकेनं १९२४ मध्ये ठराव करून तळं सगळ्यांना खुलं केलं होतं, तरी तिथलं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह सत्याग्रह करावा लागला, आणि परतणाऱ्यांना मार खावा लागला. २० मार्चलाच जायचं असेल तर गाडी घरी ठेव आणि फोटो काढत हिंडू नकोस — त्या दिवशी तिथं कुणी सहलीला आलेलं नसतं.

६. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून लोक ज्या खोऱ्याचे फोटो काढतात ते आपलंच. तू ढवळ्याकडून डोंगर खालून दाखव — वर धुकं दाटलं की तिथं नुसती पांढरी भिंत, खाली भातखाचरं दिसत राहतात.

७. तिथला चंद्रगड चढायचा हट्ट धरलाच तर ढवळ्यातला माणूस बरोबर घे, आणि त्याचे पैसे आधी ठरव — उतरल्यावर दमलेला माणूस घासाघीस करतो नि दोघांचं तोंड कडू होतं.

८. वाळण कोंडीत माशांना चुरमुरे टाका, पाण्यात उतरू नका — डोह खोल आहे. मासे देवीचे, कुणी धरत नाही. तुझ्या एखाद्या हौशी मित्रानं गळ काढला तर मला त्या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

९. पावसात आंबेनळी किंवा वरंध धरण्याआधी घाट चालू आहे का ते विचार, आणि उजेड आहे तोवर उतर — दरड कुणाची वेळ बघून येत नाही. घाटात घाई, घरी वाट पाही आई.

१०. निघताना कुठं चाललात नि किती ताटं मांडायची ते सांगून जा — डोंगरात रेंज येते-जाते, आणि भाकऱ्या मी आयत्या वेळी थापत नाही.