यजमान विकता येतात का?

प्रश्न : वडिलांच्या श्राद्धासाठी आम्ही उज्जैनला गेलो होतो. रामघाटावर गुरुजींनी वही काढली, आमच्या आडनावाची पानं उघडली आणि खापरपणजोबांची मोडीतली सही दाखवली. मन भरून आलं. बोलता बोलता ते म्हणाले, की ही पानं मूळची त्यांच्या घराण्याची नाहीत. दुसऱ्या एका घरात वारस उरला नाही, तेव्हा त्यांच्या आजोबांनी पैसे मोजून ती घेतली. म्हणजे आमचं कुटुंबच विकलं गेलं का? आणि आम्ही राहतो त्या कॅलिफोर्नियात असा व्यवहार कायद्याला चालला असता का?
– एक वाचक भगिनी, सॅन होजे

उत्तर : तुमच्या कुटुंबाला कुणी विकलेलं नाही आणि विकू शकतही नाही. त्या आजोबांनी पैसे मोजले ते वहीचे, आणि वहीबरोबर येणाऱ्या एका आशेचे : या घरचं माणूस पुन्हा शिप्रेवर आलं तर आपल्याच ओट्यावर येईल. व्यापाराच्या कायद्यात या आशेला गुडविल म्हणतात आणि तिला किंमत असते. १८१० साली लंडनमध्ये मालवाहतुकीच्या धंद्याचा एक खटला चालला. लॉर्ड एल्डन या न्यायाधीशांनी त्यात गुडविलचा अर्थ सांगितला, तो जवळपास हाच : जुनी गिऱ्हाइकं जुन्या जागी परत येण्याची शक्यता. योगायोग असा, की त्याच सुमारास दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली. राजधानी गेली, पण शिंदेशाहीत माळव्याशी जोडलेली मराठी घराणी तीर्थाला येत राहिली. महाकाळाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारलं. तेव्हा या गावच्या वह्यांत मोडी अक्षर सापडावं यात नवल नाही.

वहीची रचना तुम्ही पाहिलीच असेल. गुरुजींचा पहिला प्रश्न तुमच्या नावाचा नसतो. ‘मूळ गाव कोणतं?’ मग आडनाव, मग आजोबांचं नाव. गावावरून वही, आडनावावरून पान. पानावर कोण आलं, बरोबर कोण होतं, कशासाठी आलं आणि खाली सही. नाशिकला रामकुंडावर यालाच नामावळी म्हणतात. पिढ्यान्पिढ्या जपलेली ही नोंद म्हणजे त्या घराण्याची मिळकत, आणि आपल्या जुन्या धर्मशास्त्राने तिला तसा मानही दिला. वंशपरंपरेने चालणाऱ्या ठरावीक उत्पन्नाला ‘निबंध’ म्हणत आणि ते जमिनीच्या पंक्तीला बसवत. इंग्रजी अमदानीत मुंबई हायकोर्टाने वंशपरंपरागत उपाध्येपणाला याच आधारावर स्थावर मिळकत मानलं. देवळातली पूजेची पाळी ही स्थावर मिळकत आहे, असं सुप्रीम कोर्टानेही १९७८ मध्ये सांगितलं. म्हणून अशा हक्काची वाटणी होते, तो वारशाने जातो, रूढीप्रमाणे हस्तांतरही होतं.

पण या विचाराची एक काळी बाजूही होती. उपाध्येपणाचा हक्क ही मिळकत, तर यजमान त्या मिळकतीचा भाग ठरतो. महाराष्ट्रात ग्रामजोश्याला, म्हणजे गावच्या वंशपरंपरागत पुरोहिताला, डावलून दुसऱ्याकडून लग्न लावून घेतलं, तरी ग्रामजोशी आपली दक्षिणा दावा लावून वसूल करू शकत असे. ज्यांना त्याचा विधी नको होता, त्यांनीही पैसे द्यायचे! सत्यशोधकांनी याविरुद्ध कोर्टकचेऱ्या केल्या. अखेर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात १९२६ साली कायदा झाला आणि ही सक्ती संपली. बोल्यांचं नाव सार्वजनिक पाणवठ्यांच्या ठरावामुळे लोकांना ठाऊक आहे. हा कायदा मात्र विस्मरणात गेला. मला तो तितकाच मोलाचा वाटतो, कारण आपला उपाध्याय आपण निवडावा हा हक्क त्याने सामान्य घराला दिला.

रामघाटावर तुमची बाजू आणखी सोपी आहे. करार ज्यांच्यात होतो, बंधन त्यांच्यावरच येतं. वहीचा सौदा दोन पुरोहित घराण्यांत झाला, तुम्ही त्यात नव्हता. त्यामुळे त्या पानांवर तुमचं नाव असलं तरी तुम्ही शेजारच्या ओट्यावर बसायला मोकळ्या आहात. हे तत्त्व इंग्लंडहून भारतात आलं, तसंच अमेरिकेतही गेलं.

आता कॅलिफोर्निया. इथे एक नातं आहे, ते कळलं तर तुम्हाला आनंद होईल. न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी १८६५ च्या सुमारास आपल्या राज्यासाठी नागरी कायद्याचा मसुदा तयार केला. न्यूयॉर्कने तो कधीच स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियाने १८७२ मध्ये स्वीकारला. त्याच वर्षी भारताचा करार कायदा आला आणि त्याचं कलम २७ फील्ड यांच्याच मसुद्यावरून घेतलं होतं. नियम असा : कुणाला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. अपवाद गुडविल विकणाऱ्याचा. त्याने ठरलेल्या हद्दीत तसाच धंदा करू नये, अशी वाजवी अट घालता येते. म्हणजे वही विकणाऱ्याने ‘मी या घाटावर पुन्हा तुमच्या यजमानांना बसवणार नाही’ असं लिहून दिलं, तर हद्द वाजवी असेपर्यंत ते सॅन होजेतही टिकेल आणि उज्जैनमध्येही. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हेच.

नुसती स्पर्धा विकत घेता येत नाही. १८७४ साली कलकत्त्यात एका धंदेवाल्याने शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला ९०० रुपये कबूल करून दुकान बंद करायला लावलं. दुकान बंद झालं, पैसे मिळाले नाहीत. दुकान बंद करणारा कोर्टात गेला आणि हरला, कारण मुळात करारच रद्द होता. निकाल कठोर वाटतो खरा, पण कलमाचा हेतू त्यातून लख्ख दिसतो.

अमेरिकेत मात्र एकच कायदा देशभर लागू आहे असं समजू नका. करारांचा कायदा तिथे मुख्यतः राज्याराज्याचा. अनेक राज्यांत नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याची वाजवी अट चालते, कॅलिफोर्नियात ती चालत नाही. १ जानेवारी २०२४ पासून तर ती अट दुसऱ्या राज्यात सही करून घेतलेली असली तरीही कॅलिफोर्नियात लागू करता येत नाही. त्याच वर्षी केंद्रीय व्यापार आयोगाने अशा अटींवर देशव्यापी बंदीचा नियम केला. टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो रद्द ठरवला. आपल्याकडे नोकरी चालू असतानाचं बंधन चालतं. कल्याणच्या कारखान्यातला एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये त्याला रोखलं. नोकरी संपल्यानंतरची बंदी मात्र कलम २७ खाली सहसा टिकत नाही.

राहिली वहीतली नावं. गिऱ्हाइकांची गुप्त यादी नोकराने पळवली, तर व्यापारी गुपिताची चोरी म्हणून अमेरिकेत दावा होतो. पण नावं ही निव्वळ माहिती, तिच्यावर कॉपीराइट नाही. टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये हे ठरवलं. यूटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने तर हरिद्वारच्या अशा वह्यांच्या मायक्रोफिल्म कधीच करून ठेवल्या आहेत. खापरपणजोबांचं नाव तुमचं आहे, कागद गुरुजींचा.

म्हणून पुढच्या वेळी त्यांना विचारून त्या पानाचा फोटो घ्या, दक्षिणा आधी ठरवा आणि मुलांची नावं, जन्मसालं, सॅन होजेचा पत्ता स्वच्छ अक्षरात लिहून सही करा. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. त्या गर्दीत वही निवांत उघडायला वेळ मिळत नाही, त्याच्या आधीच जा.