मीठ, रीळ आणि पेशींतील धागा

समुद्राचें पाणी उन्हांत आटवून मीठ कसें काढतात, हें भाईंदरच्या मिठागरांमुळें आपणांस ठाऊक आहेच. हेंच मीठ आपल्या शरीरांतील एका अद्भुत गांठोड्याचें रहस्य उकलून दाखवितें, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

मनुष्याच्या बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रांत डीएनए नामक आनुवंशिक द्रव्याचे ४६ तंतु असतात. ते एकापुढें एक जोडल्यास सुमारें २ मीटर लांबी भरेल. केंद्राचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाच! मग एवढा धागा तेथें न गुंततां मावतो कसा?

हें काम हिस्टोन नांवाचीं प्रथिनें करितात. जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनीं तीं १८८४ सालीं पाळीव हंसाच्या रक्तपेशींतून वेगळीं काढलीं. आठ हिस्टोनें मिळून एक रीळ होतें, ही रचना रॉजर कॉर्नबर्ग यांनीं १९७४ सालीं मांडली; त्या रिळावर डीएनएचे सुमारें पावणेदोन वेढे बसतात. एका केंद्रांत अशीं कोट्यवधि रिळें, माळेंतील मण्यांसारखीं, धाग्यांवर असतात.

धागा रिळास धरून राहतो तो विजेच्या ओढीनें. डीएनएवर ऋण विद्युद्भार असतो, हिस्टोनांवर धन. येथें मिठाची साक्ष उपयोगी पडते. विरघळलेल्या मिठाचे भारित कण मध्यें आले, कीं ही ओढ दुर्बल होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. प्रयोगशाळेंत लिटरमागें सुमारें ११७ ग्रॅम मीठ घातलें असतां हिस्टोनें धाग्यापासून सुटतात. आणि पाण्याचा खारटपणा हळूहळू कमी केला, तर रिळें पुन्हां बनतात!

परंतु सदैव घट्ट गुंडाळलेला धागा वाचतां येत नाहीं. म्हणून पेशी हिस्टोनांच्या शेपटांवर अॅसिटिल नामक लहानसा रासायनिक गट चढविते. त्यामुळें धन भार घटतो, वेढे सैल होतात व तेथील आज्ञा वाचली जाते. गट उतरविला, कीं वेढे पुन्हां आवळतात. डोळ्याची पेशी व यकृताची पेशी यांचा धागा एकच. परंतु कोठें सोडावा व कोठें आवळावा, हें निराळें. हा हिशेब बिघडल्याचें कित्येक कर्करोगांत आढळतें; म्हणूनच खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेंतही हिस्टोनांचा अभ्यास झाला आहे.

घरीं दोऱ्याचें रीळ हातीं घ्याल, तेव्हां हें आठवावें. नीट गुंडाळलेला दोराच वेळेवर उलगडतो. गुंता झालेला कामास येत नाहीं.