क्रूसशोधाच्या कथेतील किरियाकस

सम्राट कॉन्स्टन्टाईनची माता हेलेना हिच्या जेरुसलेमयात्रेचे वर्णन युसेबियस करतो. तिला येशूचा क्रूस सापडल्याचे मात्र तो सांगत नाही. ते श्रेय तिला इ. स. ३९५ मध्ये अँब्रोजच्या भाषणात मिळते. पाचव्या शतकातील कथेत यहूदा नावाचा यहुदी येतो. जागा दाखवीना म्हणून हेलेना (पुढे संतपदी पोहोचलेली!) त्याला कोरड्या विहिरीत सात दिवस उपाशी ठेवते. भुकेने तो कबूल होतो. पण त्याची श्रद्धा प्रकटते ती प्रार्थनेनंतर, भूमीतून सुगंधी धूर निघाल्यावर. कबुली आणि श्रद्धा यांत कथाकाराने राखलेले हे अंतर हेतुपूर्वक दिसते. क्रुसाची साक्ष छळातून आली असे वाटू नये, ही त्याची धडपड आहे. छळ मात्र त्याला कथेतून वगळता आलेला नाही. बाप्तिस्म्यानंतर यहूदा किरियाकस नावाने जेरुसलेमचा बिशप होतो. वस्तुतः हेलेनेच्या यात्रेच्या वेळी त्या पदावर मॅकेरियस होता.